जांभ्याने ओढलेलं पाणी: तीन फुटी पॅलुडेरियमचं एक प्रकरण

पॅलुडेरियम म्हणजे एकाच काचेच्या टँकमध्ये थोडं पाणी आणि थोडी जमीन असलेली बाग. हा टँक पुण्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला. लांबी ९०, रुंदी ४५, उंची ६० सेंटिमीटर, काच ८ मिलिमीटर. दिवाळीनंतर उभा राहिला. पाण्यातली झाडं पटकन धरली, जांभ्यावर मॉस पसरायला लागलं, आणि साधारण दहाव्या आठवड्यात उजवीकडची जमीन बिघडली. फिटोनियाने मान टाकली, सिंगोनियमची खालची पानं पिवळी पडली, माती जरा उकरली की सडक्या अंड्यांचा वास. घरच्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून त्यांनी फवारणी दुप्पट केली. पुढच्या आठवड्यात उरलेली झाडंही आडवी झाली.

ही तक्रार नवी नाही. पहिलं पॅलुडेरियम करणारा माणूस झाडं, दिवा आणि माशांवर महिना-महिना विचार करतो. पाणी कुठल्या वाटेने जमिनीत चढेल, हा प्रश्न मात्र पडतो तेव्हा माती नासलेली असते. आमच्या मते पॅलुडेरियमची सगळी रचना या एका प्रश्नाभोवती व्हायला हवी. म्हणून इथे आधी मूळ मांडणी, मग तपासणी आणि दुरुस्ती, असं सगळं मापांसह देतो.

मूळ मांडणी

उजवीकडचे ३५ सेंटिमीटर जमीन, उरलेला भाग पाणी. जमिनीखाली पोकळ तळ: फॉल्स सीलिंगच्या दिव्यांसाठी मिळते ती प्लास्टिकची चौकटीदार जाळी, म्हणजे एगक्रेट, २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या पायांवर ठेवलेली. पाय दर १२ ते १५ सेंटिमीटरवर. याहून लांब ठेवले तर ओल्या मातीच्या वजनाने जाळी मध्ये झोळते. एगक्रेटवर मच्छरदाणीची फायबर जाळी, तिच्यावर माती. पाणी या पोकळीतूनही फिरतं, त्यामुळे १८ सेंटिमीटर पातळीला दगड-वाळू वजा जाता सुमारे ५८ लिटर पाणी बसतं. काच, पाणी, दगड आणि ओली माती धरून एकूण वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, वर १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय आणि काचेखाली १० मिलिमीटरची फोम शीट. यात काही चूक नव्हती.

पंप जमिनीखालच्या कोपऱ्यात, आणि त्यावर १२ बाय १२ सेंटिमीटरचं उचलता येणारं झाकण, वर मॉस लावून लपवलेलं. ही सोय फार मोलाची आहे. ती नसेल तर अडकलेला पंप काढायला अख्खी बाग उपसावी लागते. पंपावर ताशी ८०० लिटर लिहिलं होतं, पण पाणी ४५ सेंटिमीटर वर चढवल्यावर धबधब्याला जेमतेम निम्मं पोचत होतं. एवढ्या टँकला ते पुरेसं आहे. पोकळीचं तोंड जाळीने बंद केलं होतं, नाहीतर मासे आत शिरतात, तिथेच मरतात आणि पत्ता लागत नाही.

पाठीमागची भिंत पीयू फोमची, म्हणजे फुगून घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेन फोमची. टँक आडवा ठेवून दोन-तीन सेंटिमीटरचे थर दिले, दिवसभर सुकल्यावर सुरीने कोरलं, त्यावर सिलिकॉन पसरून कोरडं कोकोपीट दाबलं. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन टँकमध्ये चालत नाही, त्यातली रसायनं पाण्यात उतरतात. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते आणि मग कोकोपीट चिकटत नाही, म्हणून एका वेळी दोन तळहातांएवढाच भाग घ्यायचा. फोम पाण्याच्या पातळीखाली नेऊ नये. तो तरंगू पाहतो, सतत वर ढकलतो आणि काही महिन्यांत काचेपासून सुटतो. या टँकमध्ये फोम पातळीच्या बराच वर थांबला होता. कोकोपीटचा थर मात्र खाली पाण्यापर्यंत झालरीसारखा ओढला होता, काच दिसू नये म्हणून. ही पहिली चूक.

दुसरी चूक जांभ्याची. जमिनीच्या कडेला, पाण्याच्या बाजूने, जांभ्याचे तुकडे तळापासून ३० सेंटिमीटर उंच रचले आणि माती थेट त्यांच्या पाठीला टेकवली. जांभा निवडला ते योग्यच. कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यांवर पावसाळ्यात मॉस कसं माजतं ते सगळ्यांनी पाहिलंय. दगड सच्छिद्र आहे, ओल धरतो, लोहयुक्त आहे, पाण्याचा कठीणपणा फारसा वाढवत नाही. लाल गाळ निघेपर्यंत ब्रशने घासून आठवडाभर भिजवला की कामाला तयार. काळा दगड घेतला तर जास्त तपासावा लागतो, कारण दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत पांढरे खडे असतात. त्यातले कॅल्साइटचे असतील तर पाणी कठीण करत राहतात. पांढऱ्या भागावर सौम्य आम्लाचा थेंब टाकायचा, फसफसला तर तो दगड बाहेर.

पण जो गुण मॉसला हवा, तोच मातीला मारतो. जांभा केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून, पाणी आपोआप वर ओढतो. खात्री करायची असेल तर कोरडा तुकडा ताटात दोन सेंटिमीटर पाण्यात रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी ओलीची रेघ कुठवर चढली ते पाहा. असा दगड मातीला टेकला की पाणी दगडातून मातीत जातं, आणि बारीक कोकोपीट ते पुढे खेचतं. तळाची जाळी २० सेंटिमीटरवर, पाणी १८ वर. मध्ये फक्त दोन सेंटिमीटर हवा. त्यात वीज गेली की धबधब्याच्या कुंडातलं आणि भिंतीच्या खाचांतलं सुमारे तीन लिटर पाणी खाली उतरतं, पातळी आठ मिलिमीटर वर येते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं नेहमीचंच. म्हणजे मातीखाली जेवढी हवा आहे असं वाटत होतं, तेवढीही कायम नव्हती.

पूर्ण भिजलेल्या मातीत ऑक्सिजन पोचत नाही. हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात, मग सडतात. बिनऑक्सिजनच्या थरात जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, तोच तो वास. मुळं गेलेलं झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून ते तहानलेल्या झाडासारखंच लुळं पडतं. घरच्यांनी फवारणी वाढवली ती याच दिसण्यावरून. मान टाकलेल्या झाडाला पाणी देण्याआधी मातीत बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवावी. काडी काळपट, ओलीचिंब आणि वासाची निघाली तर पाण्याची बाटली खाली ठेवायची.

तपासणी

पाणी चढतंय हे कळलं तरी कुठून, हे वेगळं शोधावं लागतं. संशयित तीन: जांभा, भिंतीची कोकोपीटची झालर, आणि धबधब्याचे शिंतोडे. पहिल्या दोन वाटा केशाकर्षणाच्या, पंप बंद असला तरी चालू राहणाऱ्या. तिसरी पंपाबरोबर थांबणारी. म्हणून धबधब्याचा पंप चोवीस तास बंद ठेवला, पाण्यातल्या कोळंब्यांसाठी एअर पंपावर स्पंज फिल्टर चालू ठेवला, फवारणी थांबवली. वरची माती तीन ठिकाणी तळापर्यंत उकरून कडेला कोरडा टिश्यू दाबला.

जांभ्यामागचा टिश्यू काही मिनिटांत निथळत होता आणि चोवीस तासांनंतर लावलेला नवा टिश्यूही तसाच भिजला. मागच्या भिंतीचा वरचा भाग एका दिवसात कोरडा पडला, म्हणजे तिथली ओल शिंतोड्यांची. पण भिंतीचा पाण्यालगतचा पट्टा, साधारण हाताच्या वितीएवढा, ओलाच राहिला. म्हणजे झालरही पाणी चढवत होती. मुख्य दोष जांभ्याचा, दुय्यम झालरीचा, शिंतोडे किरकोळ. पंप बंद न करता हे तिन्ही एकच दिसले असते.

दुरुस्ती

कोळंब्या आणि गोगलगायी टबमध्ये, स्पंज फिल्टरसकट. झाडं उपटली. तपकिरी, बोटात चोळल्यावर साल निसटून नुसता दोरा उरतो अशी मुळं कापली. पांढरी, टणक मुळं ठेवली. उरलेली झाडं ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये, झाकणाच्या डब्यात, सावलीच्या उजेडात ठेवली. फिटोनियाचे शेंडे तोडून लावले, तिची मुळं वाचण्यासारखी नव्हती. माती सगळी टाकून दिली. वाळवून पुन्हा वापरायचा मोह होतो, पण त्या चुऱ्याची भोकं बुजलेली असतात, ती पुन्हा तितकीच पाणी धरते.

पोकळ तळ २० वरून २३ सेंटिमीटरवर नेला, पायांना कपलिंग आणि पाइपचा तुकडा जोडून. पाण्याची कमाल पातळी १८, बाहेरून काचेवर टेप लावून ठरवली. आता हवेचा थर पाच सेंटिमीटर. त्यावर लेकाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, ८ ते १६ मिलिमीटर गोळ्यांचा तीन सेंटिमीटर थर. गोळ्यांमधल्या जागा मोठ्या असल्याने त्यांच्यातून पाणी फार चढत नाही. मग जाळी, मग माती. जाळीची कड आत दुमडली. खाली पाण्यात लोंबणारी जाळी दिव्याच्या वातीचं काम करते.

जांभा जागेवर ठेवला, मात्र तो आता नुसता देखावा. त्याच्या मागे ५ मिलिमीटर काचेची, दहा सेंटिमीटर उंचीची पट्टी एगक्रेटच्या कडेवर उभी केली आणि दोन्ही टोकं समोरच्या-मागच्या काचेला सिलिकॉनने जोडली. पट्टी आणि जांभा यांत एक सेंटिमीटर मोकळी जागा. त्या फटीत माती पडू द्यायची नाही, नाहीतर पूल पुन्हा तयार होतो. पट्टीच्या लांबीचं माप बाहेरून धरू नये. आतल्या रुंदीतून दोन-तीन मिलिमीटर वजा करून काच कापून घ्यावी, ती जागा सिलिकॉनला लागते. ओल्या किंवा तेलकट काचेवर सिलिकॉन धरत नाही, म्हणून पाणी दहा सेंटिमीटर उतरवलं, काच पुसून स्पिरिटने साफ केली, दोन दिवस वाळू दिलं. वास पूर्ण गेल्यावर एकदा पाणी भरून ओतून टाकलं.

भिंतीची झालर पातळीच्या पाच सेंटिमीटर वरपर्यंत खरवडून काढली. उघडी पडलेली काच जांभ्याच्या पातळ चकत्यांनी झाकली, त्या पाण्यातून वर येतात पण भिंतीला टेकत नाहीत. धबधब्याच्या ओठाशी एक पुढे आलेला दगड बसवला, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळण्याऐवजी सुटून खाली पडतं.

नवी माती: नारळाच्या सालीचे तुकडे दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे एक भाग, वर वाळलेली बदामाची आणि पेरूची पानं. थर सहा सेंटिमीटर. कोकोपीटच्या विटा बऱ्याचदा खारट असतात, म्हणून निथळलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, नळाच्या पाण्याजवळ येईपर्यंत धुवायचं. कुंडीतली काळी माती किंवा शेणखत इथे अजिबात नको. दोन्ही दाबून बसतात आणि पाण्यात अमोनिया सोडतात.

झाडं, आणि ती कुठून आणायची

पाण्यात क्रिप्टोकोरीन, ब्यूसेफलँड्रा, अ‍ॅन्युबियास. शेवटच्या दोघांचं खोड गाडायचं नाही, दगडाला दोऱ्याने बांधायचं. काठावर ब्राह्मी आणि लॅजेनँड्रा, पाय पाण्यात आणि पानं हवेत. लॅजेनँड्रा आपल्या पश्चिम घाटातलं आहे आणि काठासाठी इतकं चांगलं झाड दुसरं नाही. पण ते नर्सरीत वाढवलेलंच घ्यावं. सड्यावरून, ओढ्यातून उपटून आणू नये. त्या जागा आधीच नाजूक आहेत. बेडूक आणि कासवांचंही तेच. सह्याद्रीत दिसलेला प्राणी टँकसाठी पकडायचा नाही. जमिनीवर सिंगोनियम, पेपरोमिया, सेलॅजिनेला, हंसराज, पुन्हा फिटोनिया.

नर्सरीच्या झाडांबाबत एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. आपल्याकडे नर्सरीत तांबेयुक्त बुरशीनाशक आणि कीटकनाशक सर्रास मारलं जातं, आणि चेरी कोळंबीला तांब्याची अगदी थोडी मात्राही पुरते. झाड आणलं की कुंडीतली सगळी माती आणि खताचे पिवळे दाणे धुऊन काढा, मुळं उघडी करा, तीन-चार आठवडे वेगळं वाढवा. या टँकमध्ये ते केलं होतं, म्हणून माती नासूनही कोळंब्या वाचल्या.

मासे दुरुस्तीनंतरच आले: तीन हनी गुरामी. माशांना विषारी असलेलं नायट्राइट शून्य आणि जिवाणूंनी त्याचं केलेलं नायट्रेट दिसू लागेपर्यंत थांबलं पाहिजे. नव्या टँकला चार ते सहा आठवडे लागतात, इथे स्पंज जुना, त्यात हे जिवाणू आधीच असल्याने लवकर झालं. गुरामी वरची हवा घेतात, झाकणाखालची दमट, कोमट हवा त्यांना मानवते. ते कोळंबीची पिल्लं खातात, हे धरून चालायचं. काठाशी मॉस दाट ठेवलं की पुरेशी पिल्लं लपतात.

वर्षभराची देखभाल

झाकण ५ मिलिमीटर काचेचं, मागे आठ सेंटिमीटरची जाळीची पट्टी सोडून. उघड्या टँकमधून पुण्याच्या एप्रिलमध्ये दिवसाला दीड लिटरभर पाणी उडू शकतं, झाकणाने ते अर्ध्या लिटरच्या आसपास येतं. भर घालताना कुठलं पाणी घालतो यावर बरंच अवलंबून आहे. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. इमारतीत उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस ६०० पीपीएम, म्हणजे लिटरला ६०० मिलिग्रॅम, धरला, तर रोज अर्धा लिटर म्हणजे महिन्याला १५ लिटर, त्यातून नऊ ग्रॅम क्षार, ५८ लिटरमध्ये सुमारे १५५ पीपीएमची वाढ, दर महिन्याला. काचेवरची पांढरी रेघ आणि मॉसची तपकिरी टोकं यातूनच येतात. भर घालायला घरच्या आरओचं शुद्ध पाणी घ्यावं, त्याचा टीडीएस ४० धरला तर वाढ दहा पीपीएमच होते. आरओचं वाया जाणारं पाणी कधीही नको, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. दर आठवड्याला दहा-बारा लिटर काढून नवं घालायचं ते वेगळंच.

फवारणीसाठीही तेच शुद्ध पाणी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, पानं ओली होतील इतकीच. स्वयंचलित हवी असेल तर आरओ यंत्राचा २४ व्होल्टचा बूस्टर पंप, पाव इंची नळी, बारीक भोकाचे दोन नोझल आणि टायमर एवढ्यात काम होतं. दिवसात तीन वेळा वीस-तीस सेकंद भरपूर झाले. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, तेव्हा फवारणी बंद आणि १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्युटर फॅन जाळीच्या पट्टीवर दिवसात दोन-तीन तास. नव्या लाकडावर येणारी पांढरी बुरशी निरुपद्रवी असते, स्प्रिंगटेल, म्हणजे मातीतले अगदी बारीक किडे, सोडले की ते खाऊन टाकतात. पानं काळी पडायला लागली तर मात्र हवा खेळत नाहीये.

दिवा ६५०० केल्विनचा एलईडी. पहिल्या महिन्यात सहा तास, मग आठ. वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवायचा, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये जात नाही. आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय, पाण्यातलं उपकरण लावूच नये. थंडीसाठी ५० वॉटचा हीटर असेल तर तो तळाशी आडवा, पूर्ण बुडालेला. पाणी उतरून हीटरची काच उघडी पडली आणि मग त्यावर पाणी ओतलं तर ती तडकते.

डासांकडे लक्ष हवं. मासे असलेल्या पाण्यात अळ्या टिकत नाहीत, पण पोकळ तळाखाली मासे जात नाहीत आणि अननसाच्या कुळातलं ब्रोमेलियाड लावलं असेल तर त्याच्या पानांच्या पेल्यात स्वच्छ पाणी साठतं, डेंग्यूच्या डासाला हवं तसं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पेल्यातलं पाणी आठवड्यातून एकदा बाटलीने धुऊन बदलायचं. तळाखालचं पाणी पंप ओढत असतोच. पंप बंद ठेवून गावाला जायचं असेल तर मागची जाळीची पट्टी मच्छरदाणीच्या कापडाने झाकून जावं.

सिंगोनियमची मुळं आता पोकळीतून पाण्यात उतरली आहेत. ती राहू द्यायला हरकत नाही, नायट्रेट चांगलं ओढतात. महिन्यातून एकदा पंप काढून त्याची इंपेलर (आतलं फिरतं पातं) दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साफ करताना जाळीभोवती गुंडाळलेली मुळं कात्रीने कापावीत. काचेच्या पट्टीवरून जांभ्याकडे झुकलेला मॉसचा पुंजकाही तेव्हाच छाटावा, कारण मॉसही पाणी चढवतं आणि पट्टी ओलांडून मातीला टेकलं की ओल परत सुरू होते.